चिमूटभर चुना

गेल्या पावसाळ्यात मी मेक्सिकोतल्या पद्धतीची मक्याची पेज करण्याचा घाट घातला, आणि घरच्या मंडळींना चार दिवस करमणुकीला विषय मिळाला. या पेजेला तिकडे ‘आतोले’ म्हणतात. सकाळी वाफाळलेली आतोले आणि तिच्याबरोबर तामाले, ही तिथली फार जुनी न्याहारी. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश मिशनऱ्याने अस्तेक लोकांविषयी जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात आतोले विकणाऱ्यांचेही वर्णन आहे. पण पेज ती पेज. तिला कसला आला आहे इतिहास, असेच मलाही वाटत होते.

पहिल्या दिवशी मी सरळ मक्याचे पीठ आणले, पाण्यात कालवले, शिजवले आणि गूळ घातला. लापशी झाली, आतोले झाली नाही. मग पुन्हा वाचून पाहिले तेव्हा कळले की, दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचे असतात. चुना म्हटल्यावर माझी नजर मावशीच्या पानाच्या डब्याकडे गेली.

“अरे, चुना पानाला लावतात, पेजेला नव्हे,” मावशी म्हणाली. तरी तिने चमचाभर दिला.

अर्धा किलो वाळलेला पांढरा मका, दीड लिटर पाणी आणि तो चुना. पाऊण तास उकळून भांडे रात्रभर झाकून ठेवले. सकाळी पाणी पिवळेधमक झालेले, आणि दाणा बोटांत चोळताच साल आपोआप सुटून येत होती. तीनचार पाण्यांनी धुऊन मका पाट्यावर वाटला, पाण्यात कालवून गाळला, आणि गूळ-दालचिनी घालून सारखा ढवळीत शिजवला. ओल्या मातीशी नाते सांगणारा एक वेगळाच वास घरभर पसरला. (हल्ली तिकडेही पुष्कळ घरांत पाकिटातल्या मक्याच्या सत्त्वाची आतोले होते, तिच्यात हा वास कोठून येणार?)

चुन्यात शिजवलेल्या या मक्याला ‘निश्तमाल’ म्हणतात. तेथल्या नाउआत्ल भाषेत ‘नेश्त्ली’ म्हणजे राख. त्यावरून हा शब्द आला. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. मेक्सिकोतल्या बाया ‘मेताते’वर, म्हणजे आपल्या पाट्यासारख्याच पण तीन पायांच्या उतरत्या दगडावर, गुडघे टेकून मका वाटीत. साल सुटल्याशिवाय तो नीट वाटलाच जात नसे, म्हणून चुना. त्या चुन्याने आणखी एक काम होत होते, ते मात्र डोळ्यांना दिसणारे नव्हते. मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेले असते की माणसाच्या पोटाला ते मिळत नाही. चुना ती गाठ सोडवतो.

कोलंबसानंतर मक्याचे बी युरोपात गेले. मेतातेपुढे बसणारी बाई काही त्या जहाजांवर चढली नव्हती. उत्तर इटलीत पोलेंता पूर्वीपासून होतीच, इतर धान्यांची. तिथे मका हे आणखी एक धान्य झाले. दळायला गिरण्या होत्या, मग साल काढण्याचा खटाटोप कोण करतो? गरीब शेतकरी सकाळ-संध्याकाळ पोलेंताच खाऊ लागला. १७३५ साली स्पेनमधल्या आस्तुरियासात गास्पार कासाल या वैद्याने एक नवा रोग नोंदवला: उन्हाने कातडी लाल होऊन सोलवटते, गळ्याभोवती कंठ्यासारखा पट्टा उठतो, पोट बिघडते, शेवटी भ्रम होतो. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोल्लीने त्याला ‘पेलाग्रा’ म्हटले. त्यावर विद्वानांचे वाद शंभर-दीडशे वर्षे चालले. लोंब्रोझोसारखा नामांकित मनुष्य सडक्या मक्याच्या विषाला दोष देत राहिला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गरने १९१५ साली मिसिसिपीतल्या स्वयंसेवक कैद्यांना मुख्यतः मक्याच्या निकस आहारावर ठेवले, तेव्हा अकरापैकी सहाजणांना हा रोग जडला. नियासिनचे कोडे उलगडले ते १९३७ साली, एल्व्हेजेमच्या प्रयोगशाळेत, आजारी कुत्र्यांवर. एवढ्या काळात मेक्सिकोतल्या बायांना कुणी विचारावयास गेले नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

आपण दख्खनचे लोक यातून सुटलो असेही नाही. हैदराबादेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांना मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळला. ज्वारीतले ल्यूसिन जास्त, म्हणून असे होत असावे, असे त्यांनी १९६० साली मांडले. त्यावर पुढे पुष्कळ मतभेद झाले. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, ताक ज्याच्या ताटात आहे त्याला हे भय नाही. ज्याच्या ताटात नुसती भाकरीच असते, त्याची गोष्ट वेगळी. मेक्सिकोतही मक्याबरोबर घेवड्याच्या बिया असतातच.

हे सारे मी मावशीला सांगत होतो. तिने वाटीभर आतोले संपवली, चिमूटभर मीठ हवे होते म्हणाली, आणि डबा पुढे ओढून पान लावायला घेतले.

“उद्या पुन्हा मका घालणार असशील, तर चुना तुझा तू आण,” ती म्हणाली. “यातला मला पुरत नाही.”