इतिहास घेऊन पुढे काय?

दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. ‘एमपीएससी, नाहीतर बी.एड.’ एवढं सांगून आम्ही मास्तर मंडळी मोकळी होतो. हे छोटं पुस्तक म्हणजे त्या तोकड्या उत्तराला जोडलेली पुरवणी. विषय मोडी वाचनाचा.

मोडी सोपी आहे, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत सुटायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ याची फिकीर नाही. तरी मुळाक्षरं थोड्या दिवसांत हाताखाली येतात. खरी मौज त्यापुढे.

समजा, कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. हे अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, पुढच्याला ६००. कागद पौष शुद्धातला असेल, तर निघतो जानेवारी १७६१. पानिपत! गणित सुटलं म्हणून इतिहासाकडे आलेल्यांनी मला माफ करावं.

सप्टेंबर २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं सोडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एरवीही खरेदीखतं, वाटणीपत्रं, इनामाच्या सनदा घेऊन माणसं वाचणाऱ्याचं दार ठोठावतात. पुण्याचं पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, थेट तंजावरला मोडी कागद आहेत. संगणकाला मोडी शिकवायची, तरी आधी माणसानंच वाचलेली पानं लागतात. पक्क्या पगाराच्या जागा मात्र थोड्याच. बरंचसं काम मानधनावर चालतं. आणि एका चुकीच्या वाचनानं कुणाच्या बांधावर भांडण उभं राहू शकतं, म्हणून अडलं तिथे ‘अवाच्य’ लिहायची लाज बाळगू नका.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी घरच्या माळ्यावरची ट्रंक उघडून पाहा. रुमालात बांधलेला कागद निघाला, तर घडीवर जोर देऊ नका. तो तिथेच फाटतो. फोटो काढा आणि वर्गात घेऊन या.