संच पूर्ण झाला, हे कोण ठरवतं?

सिनॉप्सिस सादर करताना समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "तुमची साधनं पूर्ण आहेत का?" मग आपण घाबरून आणखी दहा फायली यादीत टाकतो. तुम्हीही टाकाल. त्याआधी अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल कार्डांचा इतिहास थोडा बघा. संच पूर्ण करायचा की सोडून द्यायचा, हा पेच तिथल्या संग्राहकांना पिढ्यान्‌पिढ्या पडलाय, आणि तो आपल्या पेचाहून फारसा वेगळा नाही.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची छोटी रंगीत कार्डं घातली. या कार्डांवर क्रमांक नाहीत. पाठीवर सुरुवातीला '१५० विषय' असं छापलेलं दिसतं, नंतर ३५०, मग ४६०. म्हणजे खुद्द कंपनीचाच आकडा वाढत गेला. आज संग्राहक या संचाला 'टी२०६' म्हणतात आणि ५२४ कार्डं मोजतात. पण ते नाव कंपनीचं नाहीच! सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक नावाचे गृहस्थ कारखान्यात नोकरी करत आणि छापील कार्डं जमवत. १९३९ मध्ये त्यांनी कार्डांची सूची छापली आणि पुढे ती वाढवत नेली. टी म्हणजे टोबॅको. हे नाव त्या सूचीतून आलं. 'कूपन' ब्रँडच्या कार्डांवर चित्रं तीच असूनही ती त्यांनी टी२१३ या वेगळ्या क्रमांकाखाली टाकली. त्यातली १९१० ची कार्डं खरं तर टी२०६ मध्येच हवीत, असा वाद अजून चालू आहे. आपण ज्याला 'संच' म्हणतो ती सूचीकाराने आखलेली रेघ असते. अभिलेखागारातल्या फायलींच्या यादीलाही हेच लागू आहे, हे लक्षात ठेवा.

या ५२४ पैकी चार कार्डं बहुतेकांच्या हाती कधीच लागत नाहीत. होनस वॅग्नर, एडी प्लँक, आणि छपाईतल्या चुकांमुळे दुर्मिळ झालेली दोन. एकात आडनाव चुकलंय, दुसऱ्यात संघ. वॅग्नरचं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना गेलं. म्हणून बरेचजण सरळ जाहीर करतात की आमचा संच ५२० चा. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते, कारण काय वगळलं ते त्यात स्पष्ट सांगितलेलं असतं. प्रबंधात तेवढं जरी आलं तरी व्हायवातले निम्मे प्रश्न कमी होतील.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त मजेशीर. १९३३ मध्ये बोस्टनच्या गौडी या च्युइंगगम कंपनीने २४० कार्डांची क्रमांकित मालिका काढली. १०५ नंतर थेट १०७. १०६ छापलंच नव्हतं. पोरं गम घेत राहिली, चघळत राहिली, १०६ काही निघेना. काहींनी कंपनीला पत्रं लिहिली. तेव्हा कुठे १९३४ मध्ये कंपनीने नॅप लाजोई या कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलं आणि ज्यांनी मागितलं त्यांना टपालाने पाठवलं. आता विचार करा, तुमच्यासमोर दोन अल्बम आहेत. एकात २४० कार्डं, दुसऱ्यात २३९. पहिला विकत घ्यायला महाग, पण १९३३ साली पोरांच्या हाती नेमकं काय पडत होतं ते दुसराच सांगतो. पहिल्या अल्बमात ती रिकामी जागा बुजलीये, आणि तिच्याबरोबर कंपनीची चलाखीही. कागदपत्रांत खंड दिसला की तो भरायला धावू नका. आधी तो कुणी आणि का पाडला ते विचारा.

टॉप्सच्या १९५२ च्या ४०७ कार्डांचं तर उलटंच झालं. शेवटचा गठ्ठा हंगाम संपत आल्यावर बाजारात आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये उरलेला माल समुद्रात टाकला, असं कंपनीचे साय बर्गर सांगत. ती कार्डं दुर्मिळ आहेत ती छपाई थोडी झाली म्हणून नव्हे, खप नव्हता म्हणून.

बर्डिक यांनी १९४७ पासून आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. तीन लाखांहून जास्त वस्तू. संधिवाताने बोटं आखडलेली असतानाही ते स्वतः कार्डं अल्बमात चिकटवत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये ते गेले. फक्त एक अडचण आहे. सिगारेटचा ब्रँड टी२०६ च्या पाठीवर छापलेला असतो, आणि चिकटवलेल्या कार्डाची पाठ दिसत नाही. त्यामुळे ब्रँडवर काम करायचं असेल, तर सुटी कार्डंच शोधावी लागतात.