सोयराबाई ते मुक्ता साळवे : पहिली लेखिका कोण ठरवतो?

इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीला विचारा, इंग्रजीतली पहिली लेखिका कोण? ज्युलियन ऑफ नॉर्विच, असे उत्तर येईल. मग विचारा, मुक्ता साळवेचा निबंध कुठे छापून आला? इथे बहुतेक जण अडखळतात. आणि ज्या 'ज्ञानोदय'मध्ये तो आला, ते नियतकालिक 1842 साली सुरू झाले आपल्याच नगरात!

ज्युलियनला कमी लेखायचे कारण नाही. तिचा जन्म 1342 चा. विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहीत होते, तेव्हा चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या कोठडीत राहून तिने लोकांच्या भाषेत पुस्तक लिहिले. तिचे खरे नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. ज्या चर्चला ती कोठडी होती, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. तिच्या मागोमाग आली मार्जरी केम्प. ही लिन शहराच्या मेयरची मुलगी, पण लिहिता येत नव्हते. तिने आपले आयुष्य दुसऱ्याकडून लिहून घेतले. ती हस्तलिखित प्रत सापडली थेट 1934 साली, एका जमीनदार घराण्याच्या वाड्यात. म्हणजे मेयरच्या मुलीचा शब्दसुद्धा पाचशे वर्षे कपाटात पडून होता.

आता आपल्याकडे या. चोखोबा मंगळवेढ्याला कुसवाखाली गाडले गेले ते 1338 साली. त्यांची पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा, दोघीही अभंग रचत होत्या. म्हणजे ज्युलियन जन्मायच्या आधीच महाराची बाई मराठीत बोलत होती. आणि काय बोलत होती? विटाळ देहातच आहे, त्या विटाळावाचून कोणी जन्माला आलाच नाही, मग सोवळा कोण? हा प्रश्न तिने थेट देवासमोर ठेवला. ज्युलियनला चर्चचे नाव मिळाले, सोयराबाईच्या नाममुद्रेत नवऱ्याचे नाव आणि जात. दोघींचे स्वतःचे नाव बाजूला पडलेच, पण जातीचे ओझे एकीच्याच डोक्यावर आले. आपल्यातले काही तरुण 'भक्ती म्हणजे गुलामी' म्हणून सोयराबाईला मोडीत काढतात. मला ते पटत नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, हे तरी आठवा.

तरीही सोयराबाईची दाद देवाकडे होती, हे खरे. मुक्ताने तो दरवाजा सोडला.

ते शक्य झाले शाळेमुळे, आणि त्या शाळेचा एक धागा नगरला आहे. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. त्या शाळा पाहून जोतिरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. पुण्यात 1848 ला शाळा निघाली, 1854 ला सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' आला. त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. आणि 1855 मध्ये, 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च अशा दोन अंकांत, जेमतेम तीन वर्षे शाळा शिकलेल्या मांगाच्या मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध छापून आला.

तिचा मुद्दा वकिलासारखा आहे. वेद जर ब्राह्मणांचेच आणि आम्हाला ते पाहायचीही बंदी, तर आमचा ग्रंथ कोणता? ग्रंथ नाही म्हणजे आम्ही धर्मरहित. मग आमचा धर्म कोणता ते सांगा. 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिच्या ऐंशी वर्षे आधीचा हा प्रश्न! पेशवाईत मांग-महारांना इमारतींच्या पायात पुरत असत, हे ती लिहिते. बाळंत होताना ज्यांच्या डोक्यावर छप्परही नाही, थंडीवाऱ्यात ज्यांचे हाल होतात, त्या आपल्या बायकांबद्दल ती लिहिते. हा अनुभव घरातल्या मुलीलाच लिहिता येतो.

व्हर्जिनिया वुल्फने 1929 मध्ये शेक्सपिअरला एक बहीण कल्पनेने दिली, संधी न मिळाल्याने वाया गेलेली. आपल्याला कल्पना करायची गरज नाही. आपली मुक्ता छापील आहे. तरीही दलित साहित्याची सुरुवात 1960 नंतरची असे पाठ्यपुस्तकी थाटात सांगणारे आहेत आणि आपणही माना डोलावतो.

पण त्या निबंधातला एक भाग आपण जयंतीच्या भाषणात टाळतो. मुक्ता महारांनाही सोडत नाही. ब्राह्मणांचे सोवळे थोडे यांनीही घेतले, मांगापेक्षा स्वतःला उंच समजतात, मांगाची सावलीही यांना चालत नाही, असे तिने स्वच्छ लिहिले आहे. आज उपवर्गीकरणावरून बौद्ध आणि मातंग पोरे मोबाइलवर एकमेकांना शिव्या घालतात. आरक्षणाची बाजू कोणतीही घ्या, पण आधी हा परिच्छेद दोन्ही वस्त्यांत मोठ्याने वाचा. शेवगाव तालुक्यातल्या गावांत दोन्ही वस्त्या फार लांब नाहीत. निबंध चार-पाच पानांचा आहे, झेरॉक्सला चहाइतकाही खर्च येत नाही.

निबंधाच्या शेवटी ती मांग-महारांना शिकायला सांगते. त्यानंतर तिने काही लिहिले असेल, तर ते आज आपल्या हाती नाही.