मातीचा बैल

खेळण्याचा कसला इतिहास, असं कुणी विचारील. ज्यांच्या नावाच्या बखरी नाहीत त्यांनी आपला इतिहास मातीतच धुंडाळायचा असतो, एवढंच माझं उत्तर.

हडप्पा-मोहेंजोदडोत भाजल्या मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या सापडल्या. चार हजार वर्षांहून जुन्या. साटा मातीचा, चाकं मातीची. आस काडीचा होता, तो कुजून गेला. आमच्या वस्तीतली पोरं गाडी करायची ती अशीच. शाळेत आम्हाला राजांची नावं घोकायला लावली, ह्या गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आता आपल्या मुलखातलं ऐका. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथं छबू लक्ष्मण भिल्ल या माणसाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे चार नग सापडले : बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती, गेंडा. रथ 45 सेंटिमीटर लांब. चौघांचं वजन मिळून 60 किलोच्या वर. काळाबद्दल पंडितांत वाद आहे. पण 60 किलोची खेळणी कुठलं पोर ओढणार? ती मिरवायची चीज. पोरांची गाडी मातीचीच. आणि मिरवायची चीजसुद्धा वर काढली ती भिल्लाच्या हातानं!

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्ताचा पोरगा रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो. त्याला मातीची गाडी करून देते रदनिका, घरातली दासी. वसंतसेना त्या गाडीत दागिने भरते, म्हणून ती गाडी गाजली. रदनिकेच्या मातीनं माखलेल्या हातांचं कौतुक कुणी केलं?

आमच्या बापजाद्यांचं बैलाशी नातं काय होतं? जिता बैल पाटलाचा. मेला की आमचा, ओढायला. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. मग गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढणं टाकलं. मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्याच काळात त्यांची पोरं ओढ्याकाठी चिखलाचे बैल करत होती. शिंगं ताठ, वशिंड उंच. तो बैल जिता होता आणि आमचा होता. जगातला असा तो एकच.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, वस्तीत सभेला जाल तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, लहानपणी काय खेळलात? सांगतील ते लिहून घ्या. मातीचा बैल पहिल्या पावसात विरघळतो. कागदावरचा टिकेल.