कोडिंगचे 'बूटकॅम्प' : नवशिक्यांनी प्रवेशापूर्वी काय पाहावे?

बारावी किंवा पदवीनंतर संगणक क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे गेल्या काही वर्षांत एक नवा पर्याय उभा राहिला आहे. पूर्वतयारी नसलेल्या उमेदवाराला काही महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवून नोकरीयोग्य करण्याचे आश्वासन देणारे हे अभ्यासक्रम 'कोडिंग बूटकॅम्प' या नावाने ओळखले जातात. पुणे, बंगळूर येथील संस्थांच्या जाहिराती मोबाइलवरून वणी, पुसद, उमरखेडपर्यंत पोहोचतात. फी अनेकदा लाखाच्या घरात असते. कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणूनच अशा अभ्यासक्रमातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे फी भरण्याआधी समजून घेणे आवश्यक ठरते.

संकल्पना कोठून आली?

'बूटकॅम्प' हा शब्द अमेरिकी लष्करातील आहे. नव्याने भरती झालेल्या सैनिकांना सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या खडतर प्रशिक्षणाच्या छावणीला तेथे हे नाव आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'डेव्ह बूटकॅम्प' ही संस्था सुरू झाली आणि थोड्याच काळात तिच्या धर्तीवर अनेक संस्था निघाल्या. दिवसभर वर्ग, सतत सराव, गटाने केलेले प्रकल्प आणि शेवटी मुलाखतींची तयारी, असे त्यांचे स्वरूप होते. मात्र ही लाट टिकाऊ ठरली नाही. खुद्द 'डेव्ह बूटकॅम्प' २०१७ अखेर बंद झाली. अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या नावाने असे वर्ग चालविणाऱ्या 'टूयू' कंपनीनेही डिसेंबर २०२४ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

महाराष्ट्रातील जुना नमुना

नाव नवे असले तरी महाराष्ट्राला ही पद्धत अनोळखी नाही. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात 'सी-डॅक' स्थापन झाले. मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यानंतर त्याच दशकात संस्थेने प्रगत संगणनातील पदविका अभ्यासक्रम सुरू केला. 'डॅक' या नावाने तो विदर्भातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचित आहे.

आज 'पीजी-डॅक' म्हणून चालणारा हा अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा आणि ९०० तासांचा आहे. त्यासाठी 'सी-कॅट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तो प्रामुख्याने अभियांत्रिकी पदवीधर आणि संगणकशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असल्याने त्याला निव्वळ नवशिक्यांचा वर्ग म्हणता येत नाही. तरीही त्याच्या तासांचा हिशेब प्रत्येक नवशिक्याने करून पाहावा. घरी राहून रोज दोन तास अभ्यास करणाऱ्याला ९०० तास पूर्ण करण्यास ४५० दिवस, म्हणजे जवळजवळ सव्वा वर्ष लागेल. अल्पमुदतीचे वर्ग दिनदर्शिकेवरील महिने कमी करतात. सरावाचे तास कमी करू शकत नाहीत. जो वर्ग तासच कमी करून तेवढ्याच फलनिष्पत्तीचे आश्वासन देतो, त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमके काय?

प्रोग्रॅमिंग म्हणजे इंग्रजीतील काही आज्ञा पाठ करणे, असा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात एखादा व्यवहार नियमांत बसवून संगणकाला सांगणे म्हणजे प्रोग्रॅमिंग होय. जिल्ह्यातील शेतकऱ्यांना परिचित असलेले कापूस खरेदीचेच उदाहरण घेता येईल. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण दर, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे दरात एक टक्का कपात आणि १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास खरेदीस नकार, असा सर्वसाधारण नियम आहे.

याचा प्रोग्रॅम लिहिताना वजन, दर आणि ओलावा या तीन राशींना नावे द्यावी लागतात. नंतर 'ओलावा अमुक असेल तर असे करा, नसेल तर तसे करा' या अटी क्रमाने मांडाव्या लागतात. १० क्विंटल कापूस आणि १० टक्के ओलावा असल्यास दोन टक्के कपात होऊन ७९,४७८ रुपये हे उत्तर आले पाहिजे. येथपर्यंत काम सोपे आहे. खरे प्रश्न पुढे येतात. ओलावा नेमका १२ टक्के असेल तर माल घ्यायचा की नाकारायचा? १०.४ टक्क्यांवर कपात किती धरायची? ओलाव्याचा रकाना रिकामा राहिला तर? वजनाच्या जागी कोणी चुकून दर लिहिला तर? अशा प्रत्येक शक्यतेचा आधी विचार करणे आणि उत्तर चुकल्यास चूक कोठे झाली ते चिकाटीने शोधणे, हाच या कामाचा गाभा आहे. भाषा पायथॉन आहे की जावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

अभ्यासक्रमात काय असते?

वेब क्षेत्रातील बहुतेक बूटकॅम्प एचटीएमएल आणि सीएसएस यांपासून सुरू होतात. पानाची रचना आणि रूप यांसाठी या भाषा वापरतात. पानाला हालचाल आणि प्रतिसाद देण्यासाठी जावास्क्रिप्ट शिकविली जाते. त्यानंतर माहिती साठविण्याचे डेटाबेस, सर्व्हरवर चालणारा भाग आणि कामाच्या आवृत्त्या सांभाळणारे 'गिट' हे साधन येते. विदा विश्लेषणाच्या वर्गांत पायथॉन आणि एसक्यूएल यांवर भर असतो. शेवटी स्वतःचा प्रकल्प करावा लागतो. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा या प्रकल्पाविषयी अधिक विचारले जाते. तो स्वतः केलेला नसेल, तर दोन-चार प्रश्नांतच ते उघड होते.

जिल्ह्यातच उपलब्ध पायऱ्या

फी भरण्यापूर्वी आपल्याला हे काम जमते का आणि आवडते का, हे अल्प खर्चात तपासता येते.

एमएस-सीआयटी : २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. तो संगणक वापरण्यास शिकवितो; प्रोग्रॅमर घडविणे हा त्याचा हेतू नाही. ज्याने संगणक हाताळलेलाच नाही, त्याच्यासाठी ही पहिली पायरी ठरू शकते.

आयटीआयमधील 'कोपा' : संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम दहावी उत्तीर्णांसाठी आहे.

'नायलिट'चा ओ लेव्हल : केंद्र सरकारच्या संस्थेचा हा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. त्यात वेब रचना आणि पायथॉनचा समावेश आहे.

स्पोकन ट्युटोरियल : मुंबई आयआयटीच्या या प्रकल्पातील छोटे ध्वनिचित्र पाठ विनामूल्य आहेत. त्यांपैकी अनेक मराठीतून ऐकता येतात. इंग्रजीच्या भीतीने थांबलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचा विशेष उपयोग होतो.

पदवी अभ्यासक्रम : पुसद येथे १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, तर यवतमाळ येथे १९९६ पासून जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. बूटकॅम्प हा पदवीला पर्याय नाही. अनेक सरकारी नोकऱ्या, उच्च शिक्षण आणि अनेक कंपन्यांची पहिली चाळणी यांसाठी पदवी लागतेच.

निवड प्रक्रियेतून प्रवेश देणारे काही विनाशुल्क मार्गही आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नवगुरुकुल' या संस्थेने अल्प उत्पन्न गटातील तरुणींसाठी निवासी प्रोग्रॅमिंग प्रशिक्षण उभे केले.

फी, कर्ज आणि 'हमी'

फीचे प्रमुख तीन प्रकार आढळतात : एकरकमी, हप्त्यांनी, आणि नोकरी लागल्यावर पगारातून देण्याचा करार. हप्त्यांची योजना हे बहुधा वित्तसंस्थेचे कर्ज असते. शिक्षण मध्येच सोडले तरी असे कर्ज आपोआप संपत नाही. पगारातून फी देण्याच्या करारात किती पगारापासून, किती महिने आणि कमाल किती रक्कम द्यावी लागेल, हे लेखी पाहावे. एक लाख रुपये फी म्हणजे वर उल्लेखिलेल्या हमीभावाने सुमारे सव्वाबारा क्विंटल कापसाची पूर्ण किंमत. त्यात पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च आणि लॅपटॉप धरलेला नाही.

नोकरीच्या आकड्यांबाबत अमेरिकेतील एक प्रकरण बोलके आहे. 'लॅम्बडा स्कूल' म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे 'ब्लूमटेक' नाव घेतलेल्या संस्थेने ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळाल्याची जाहिरात केली होती. तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने एप्रिल २०२४ मध्ये तिच्यावर कारवाई केली. संस्थेच्या अंतर्गत नोंदींत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते, असे त्या विभागाने नमूद केले.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देण्यास त्यांत मनाई आहे. फसवणूक झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावती, जाहिरात आणि करार जपून ठेवणे गरजेचे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यानंतर साधा कोड काही सेकंदांत तयार होऊ लागला. त्यामुळे केवळ आज्ञा लिहिता येणे पुरेसे राहिलेले नाही. कापूस खरेदीचा वरील प्रोग्रॅम असे साधन लगेच लिहून देईल. परंतु नेमक्या १२ टक्क्यांवर त्याने माल चुकीने नाकारला, हे ओळखण्यासाठी व्यवहार आणि कोड दोन्ही समजणारा माणूस लागतो. सुरुवातीच्या महिन्यांत सर्व काम या साधनांकडून करून घेणाऱ्याला ती समज येत नाही.

प्रवेशापूर्वी हे तपासा

• किमान दोन महिने विनामूल्य पाठांवरून रोज सराव करून एक लहान प्रोग्रॅम स्वतः पूर्ण करावा.
• एकूण तास, प्रत्यक्ष शिक्षक किती वेळ उपलब्ध आणि एका तुकडीत विद्यार्थी किती, हे विचारावे.
• मागील तुकडीत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी पूर्ण केला आणि किती जणांना कोणत्या कामाची नोकरी मिळाली, असे तीन स्वतंत्र आकडे मागावेत. फक्त सर्वाधिक पगाराचा आकडा उपयोगाचा नाही.
• संस्थेने सुचविलेल्या नावांव्यतिरिक्त दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलावे.
• फी परताव्याचा नियम लेखी घ्यावा. कर्ज असल्यास ते कोणत्या वित्तसंस्थेचे आहे, हे सहीपूर्वी वाचावे.
• ऑनलाइन वर्ग असल्यास वीजपुरवठा, इंटरनेट आणि लॅपटॉपची सोय आधी पाहावी. केवळ मोबाइलवर हा सराव होत नाही.
• अभ्यासक्रमानंतर नोकरी शोधण्यासाठी काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा.

दोन महिन्यांच्या या सरावात रस टिकला, तर चांगल्या बूटकॅम्पमधील शिस्त, सोबत आणि मार्गदर्शन यांचा निश्चित लाभ होतो. रस टिकला नाही, तर विद्यार्थ्याचे दोन महिने खर्च होतात. घरावर कर्ज मात्र होत नाही.