क्रे, परम आणि भाड्याची विदा

यशवंतपूर स्थानकापासून थोड्याच अंतरावर भारतीय विज्ञान संस्थेचे आवार आहे. जुने बंगळूरकर तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. तेथील संगणक केंद्र १९७० चे. १९८० च्या दशकात देशाला महासंगणक हवे होते, हवामानाच्या अंदाजासाठी आणि या संस्थेसाठीही. अमेरिकेने दिल्लीला क्रे एक्स-एमपी दिला, तोही मागितलेल्यापेक्षा कमी क्षमतेचा आणि वापरावर निर्बंध घालून. बंगळूरचे यंत्र परवान्यांच्या वाटाघाटींत अडकले ते अडकलेच.

त्या कोंडीत १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. धुरा विजय भटकरांकडे, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याच्या सुपुत्राकडे आली. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याच्या मागे न लागता बाजारात मिळणारे साधे ट्रान्सप्युटर एकमेकांस जोडावेत आणि गणित त्यांच्यात वाटून द्यावे, असे ठरले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. या निर्णयाची स्तुती बहुधा देशाभिमानापोटी होते. त्यामागची तांत्रिक दृष्टी मात्र दुर्लक्षित राहते. एका प्रोसेसरच्या वेगाला उष्णतेची सीमा असते, आणि पुढे सारे जगच समांतर गणनेकडे वळले.

संस्थेत क्रे आला तो थेट २०१५ मध्ये, ‘सहस्र-टी’ या नावाने. २०२२ मध्ये त्याच आवारात सी-डॅकचा ‘परम प्रवेग’ बसला: क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ३३ लक्ष अब्ज आकडेमोडी, आणि साठवण ४ पेटाबाइट.

दरम्यान २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे क्लाउड केंद्र पुण्यात आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनचे मुंबईत सुरू झाले होते. चार दिवसांच्या गणितासाठी भाड्याचे यंत्र निःसंशय सोयीचे. वर्षभर अखंड चालणाऱ्या प्रारूपांसाठी स्वतःचे बरे. परंतु प्रयोगशाळा केवळ मासिक दर पाहतात. विदा आत नेणे बहुधा निःशुल्क, बाहेर काढणे सशुल्क असते. शिवाय ४ पेटाबाइट विदा सेकंदाला १० गिगाबिट वेगाने हलवायची म्हटली, तर वाहिनी एक क्षणही न थांबता ३७ दिवस लागतात.

कायद्याचाही प्रश्न आहेच. अमेरिकेच्या २०१८ च्या ‘क्लाउड’ कायद्यानुसार तेथील कंपनीकडे असलेली विदा, सर्व्हर कोणत्याही देशात असला तरी, तेथील न्यायालयीन आदेशाने मागता येते. मुंबई-पुण्यातील सर्व्हरही त्यातून सुटत नाहीत.