समोरच्या काचेला तडा : मोटार केव्हा थांबवावी, काच केव्हा बदलावी

मोटारीच्या समोरच्या काचेवर खडा आदळून उडालेला टवका बहुतेक वाहनधारक दुर्लक्षित करतात. काच जागेवर असते, पाणी आत येत नाही आणि गाडीही चालत राहते. मात्र एके दिवशी त्या टवक्यातून निघालेली रेघ काचेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते आणि किरकोळ खर्चात होणारी दुरुस्ती हातची जाते. कोलकात्यासारख्या उष्ण व दमट शहरात ही शक्यता अधिक असते. त्यामुळे तड्याबाबतचा निर्णय तो लहान असतानाच घेणे हिताचे ठरते.

काचेची रचना

मोटारीतील सर्व काचा सारख्या नसतात. बाजूच्या खिडक्यांना सामान्यतः उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेली काच असते. ती फुटल्यास तिचे बोथट कडांचे बारीक दाणे होतात. समोरची काच मात्र दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा बसवून तयार केलेली असते. आघात झाल्यास तुकडे या पडद्याला चिकटून राहतात आणि प्रवाशांच्या अंगावर येत नाहीत.

अशा जोडकाचेची कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ व चित्रकार एदुआर बेनेदिक्तस यांना १९०३ मध्ये सुचली, असे सांगितले जाते. प्रयोगशाळेत हातून पडलेले एक काचपात्र फुटले, पण आतील द्रव्याच्या सुकलेल्या थरामुळे विखुरले नाही. १९०९ मध्ये त्यांनी या काचेचे पेटंट घेतले. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये वाहनांना सुरक्षा काच बसवणे आवश्यक असून, समोरची काच जोडकाचच असावी, अशी तरतूद आहे.

आधुनिक मोटारीत या काचेचे काम केवळ वारा व पाऊस अडवण्यापुरते राहिलेले नाही. गाडी उलटल्यास छपराला आधार देण्यात तिचा वाटा असतो. अनेक मोटारींमध्ये चालकाशेजारील प्रवाशाची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकते व मग प्रवाशाच्या दिशेने वळते. लांब तडा गेलेली किंवा चौकटीत नीट न चिकटलेली काच हा भार पेलेलच, याची खात्री देता येत नाही.

तडा का वाढतो

काच दाब चांगला सहन करते. ताणापुढे मात्र ती दुबळी ठरते. काचेवर येणारा ताण तड्याच्या अणकुचीदार टोकाशी एकवटतो, हे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. त्यामुळे तडा गेलेली काच मूळ काचेपेक्षा पुष्कळ कमी भारातही पुढे फाटत जाते.

कोलकात्यात या ताणाला तीन कारणांची जोड मिळते. पहिले कारण तापमानातील फरकाचे. मार्च ते मे या काळात शहरात कालबैशाखीची वादळे येतात. महाराष्ट्रातील वळवाच्या पावसाशी त्यांचे साम्य आहे. दुपारभर उन्हात तापलेल्या काचेवर अचानक गार पावसाच्या सरी आणि कधी गाराही कोसळतात. काचेचा बाहेरील पृष्ठभाग झपाट्याने आकुंचन पावतो, त्यावर ताण येतो आणि आधीच असलेला तडा सरकतो. तापलेल्या काचेवर वातानुकूलन यंत्राचा गार झोत एकदम सोडल्यानेही काचेत असमान ताण निर्माण होतो.

दुसरे कारण हवेतील आर्द्रतेचे. तड्याच्या टोकाशी ताणलेल्या रासायनिक बंधांवर पाण्याच्या रेणूंची क्रिया होते आणि ते बंध अधिक सहजपणे तुटतात. म्हणूनच कोरड्या हवेपेक्षा दमट हवेत तडा कमी ताणातही हळूहळू वाढत राहतो. गाडी उभी असतानाही रेघ लांबल्याचे आढळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

तिसरे कारण रस्त्याचे. शहरातील जुन्या ट्राममार्गांचे रूळ आणि पावसाळ्यातील खड्डे यांमुळे गाडीच्या सांगाड्याला हिसके बसतात व ते काचेच्या कडांपर्यंत पोहोचतात. शहराबाहेर दुर्गापूर द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवर खडी वाहणाऱ्या मालमोटारींमागून जाताना उडालेल्या खड्याने नवा टवका पडण्याचा धोका असतो. अशा वाहनापासून पुरेसे अंतर ठेवणे हा काच वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

दुरुस्ती की बदल

निर्णय घेताना तड्याची जागा, आकार आणि खोली या तीन गोष्टी पाहाव्यात.

जागा : चालकाच्या थेट नजरेसमोरील तडा सर्वाधिक धोकादायक असतो. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश तड्यावर विखुरतो आणि पादचारी किंवा सायकलस्वार त्या चकाकीत हरवतो. दुरुस्तीनंतरही पुसट डाग उरत असल्याने या भागातील नुकसानीसाठी काच बदलणेच योग्य मानले जाते. काचेच्या कडेपर्यंत पोहोचलेला तडाही दुरुस्तीस सहसा योग्य नसतो, कारण कडेला ताण जास्त असतो.

आकार : साधारणतः रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा टवका दुरुस्त होऊ शकतो. लांब किंवा फाटे फुटलेल्या तड्यासाठी काच बदलणे श्रेयस्कर ठरते. ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीचे निकष या बाबतीत मार्गदर्शक आहेत. वायपर फिरतो त्या क्षेत्रात, स्टिअरिंगच्या मध्यरेषेवर २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा धरला जातो. या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा आणि वायपरच्या उर्वरित क्षेत्रात ४० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान असल्यास वाहन नापास होते.

खोली : काचेच्या आतील बाजूवरून नख हलकेच फिरवावे. रेघ हाताला लागत असल्यास आतील काचही तडकलेली आहे, असे समजून काच बदलावी. दुरुस्ती केवळ बाहेरील थरापुरती शक्य असते.

दुरुस्तीत टवक्यातील हवा व ओलावा काढून त्यात पातळ राळ भरली जाते आणि अतिनील किरणांच्या दिव्याने ती कडक केली जाते. टवक्यात धूळ व पाणी शिरल्यास राळ नीट बसत नाही. त्यामुळे कारागिराकडे जाईपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. झटपट चिकटणारे घरगुती द्रव्य त्यात भरू नये. गाडी सावलीत उभी करावी आणि तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

चालकाच्या नजरेसमोर तडा असेल, तो दिवसागणिक वाढत असेल, किंवा काच चौकटीत हलत असेल, तर गाडी दुरुस्तीच्या ठिकाणापलीकडे चालवू नये. प्रवासात काच अचानक जाळीदार झाल्यास जोराने ब्रेक न दाबता वेग कमी करावा, इशारा देऊन डावीकडे थांबावे आणि मदत मागवावी.

बदलताना घ्यावयाची काळजी

कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अॅम्बॅसॅडर मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. या गाडीची समोरची काच रबरी पट्टीत बसवलेली असे. अनुभवी कारागीर ती सहज काढून दुसरी बसवत असे आणि गाडी लगेच रस्त्यावर येई. आजच्या बहुतेक मोटारींची काच मात्र पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने सांगाड्याला जोडलेली असते. हे द्रव्य पुरेसे घट्ट होण्यास काही तास लागतात. उत्पादकाने सांगितलेला वेळ पूर्ण होण्यापूर्वी गाडी चालवल्यास अपघातात संपूर्ण काच निखळू शकते. जुनी सवय येथे महागात पडते.

कोलकात्यातील मल्लिक बाजार मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारांतून वापरलेली काच स्वस्तात मिळाली, तरी तिच्या कडांवरील सूक्ष्म इजा डोळ्यांना दिसत नाहीत. नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यावरील भारतीय मानक आयएस २५५३ चा उल्लेख तपासावा. काचेमागे चालकसाहाय्य प्रणालीचा कॅमेरा असल्यास काच बदलल्यानंतर त्याचे पुन्हा समायोजन करून घेणे आवश्यक असते. काचेवरील फास्टॅग व नोंदणीचे रंगीत स्टिकर काढताना निकामी होतात. त्यामुळे ते नव्याने मिळवावे लागतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार, माहीत असलेल्या किंवा साध्या काळजीने लक्षात येऊ शकणाऱ्या धोकादायक दोषासह सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणे दंडनीय आहे. त्यामुळे अपघातात कोणी जखमी झाल्यास कारावासाचीही तरतूद आहे. तड्याचे माप या कलमात दिलेले नाही. म्हणजेच दोष धोकादायक आहे की नाही, हे वेळीच ओळखण्याची जबाबदारी चालकावर येते.

केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असल्यास स्वतःच्या काचेची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात ती मिळू शकते आणि काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. परंतु अनिवार्य कपातीची रक्कम धारकालाच भरावी लागते. शिवाय दावा केल्यास, विशेष संरक्षण घेतलेले नसेल तर, दावा न केल्याबद्दल मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सवलतही जाऊ शकते. म्हणून लहान टवका स्वखर्चाने दुरुस्त करणे अनेकदा किफायतशीर ठरते.

नाण्याएवढ्या टवक्याची दुरुस्ती थोड्या वेळात होते. तोच टवका कालबैशाखीच्या पहिल्या सरीपर्यंत तसाच राहिला, तर संपूर्ण काच बदलण्याची वेळ येऊ शकते. आणि पावसाळी रात्री त्या रेघेआड लपलेला पादचारी दिसला नाही, तर होणारी हानी कोणत्याही विम्याने भरून निघत नाही.